ओल्यावर की कोरड्यावर?

जपूनकाकांना खरं नाव आहे, आणि ते आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या फलकावर रंगवलेलंही आहे. पण त्या नावानं त्यांना ओळखणारे आता बँक आणि मतदार यादी एवढेच उरलेत. बाकी अर्ध्या डोंबिवलीला ते जपूनकाका. दूधवाला, कुरिअरवाला, जिन्यावरून दणदण उतरणारी पोरं, सगळ्यांच्या वाट्याला त्यांचा एकच शब्द येतो : ‘‘जपून!’’ मागे चौथ्या मजल्यावरून तिरडी खाली नेत होते, तेव्हाही काका जिन्याच्या वळणावर उभे राहून ‘‘जपून हं, जपून’’ म्हणाले. शेजारच्या एका गृहस्थांना राहवलं नाही. ‘‘काका, आता त्यांना काय जपायचं राहिलंय?’’

‘‘त्यांना नाही हो,’’ काका म्हणाले, ‘‘खांदेकऱ्यांना.’’

हा माणूस एकट्या आमच्या सोसायटीचा नाही. बँकेत वॉटर कूलरखाली साचलेल्या थारोळ्याभोवती खुर्च्यांचं कुंपण घालणारा एक कारकून असतो, तो हाच. शाळेत पाण्याच्या टाकीपाशी ‘‘पळू नका रे’’ म्हणून घसा बसवून घेणारा शिपाई, मंगल कार्यालयात पंगत उठताक्षणी ‘‘आधी सांडलेलं ताक पुसा, मग उष्टी काढा’’ म्हणणारा मुलीचा मामा, हेही तेच. या लोकांची संख्या बरी आहे. प्रतिष्ठा मात्र नाही. साप पकडणाऱ्याला गावात मान असतो. तेल पुसायला लावणाऱ्याला ‘‘आले हे’’ एवढंच मिळतं.

काकांशी बोलताना पहिल्यांदा जरा चुकल्यासारखं होतं, कारण ते आपल्या तोंडाकडे बघतच नाहीत. त्यांची नजर आपल्या पायांवर असते. नवीन भाडेकरू आला की त्याचं नाव-गाव-नोकरी काकूंना कळते आणि त्याच्या चपलेचा तळ किती झिजलाय ते काकांना. पुतणीच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला त्यांना मोठ्या मानानं नेलं होतं. मंडळी गेल्यावर सगळ्यांनी विचारलं, ‘‘कसा वाटला मुलगा?’’ काका म्हणाले, ‘‘मुलगा सालस आहे. पण बूट कोरे करकरीत आहेत, तळ गुळगुळीत. पहिल्या पावसात पडेल.’’ लग्न झालं. मुलगा पहिल्या पावसात पडला का, हे कोणी काकांना सांगितलं नाही, पण दिवाळसणाला जावयाला त्यांनी रबरी तळाचे बूट दिले.

वरच्या मजल्यावर सत्यनारायणाला गेले, तर आत कथा सुरू आणि काका बाहेर दारात उकिडवे. एकेक चप्पल उलटी करून तळाच्या खाचा बघतायत. यजमानांच्या आजी प्रसाद घेऊन बाहेर आल्या नि दारात वीस-पंचवीस चपला उलट्या पडलेल्या बघून मटकन खाली बसल्या. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, हे त्यांना पक्कं ठाऊक. भांडण झालंच, पण ते आजींचं आणि काकांचं. काकांचा मुद्दा असा होता की आजी बसल्या ती जागा ओली नव्हती ना, ते आधी सांगा.

काका आयुष्यभर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात होते. मशिनखाली ठिबकणारं तेल, ड्रममधून सांडणारं रसायन, वाटेत आडवी पडलेली होजपाइप, यांच्यावर त्यांची हयात गेली. कारखान्यांचा १९४८चा कायदा त्यांना मुखोद्गत आहे, आणि त्यातलं ३२वं कलम तर ते तिन्हीसांजेला रामरक्षेच्या चालीत म्हणतात, असं काकू सांगतात. जमिनी, पायऱ्या, जिने, जाण्यायेण्याचे मार्ग भक्कम असावेत, नीट राखावेत, त्यांच्यावर अडथळा नसावा, पाय घसरेल असा पदार्थ नसावा, आणि गरज असेल तिथे मजबूत कठडा असावा, असा त्याचा मथितार्थ. ‘‘बघा,’’ काका म्हणतात, ‘‘कायदा माणसाला नीट चाल म्हणत नाही. जमिनीला नीट राहा म्हणतो.’’ त्यांचं सगळं तत्त्वज्ञान या दोन वाक्यांत आहे, आणि आपल्याकडे ते कोणालाच पटत नाही.

कारण आपल्याकडे पडणं हा पडणाऱ्याचा गुन्हा आहे. माणूस पडला की भोवतालचे आधी हसतात, मग उचलतात, आणि उचलता उचलता विचारतात, ‘‘बघून चालता येत नाही का?’’ पडणाराही तितकाच बनेल. हाड मोडलंय का हे बघण्याआधी तो कोणी बघितलं का हे बघतो, आणि ‘‘काही नाही, काही नाही’’ म्हणत लंगडत सटकतो. पडलो तरी नाक वर, ही म्हण उगाच नाही आली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, यावर तर काकांचा बिलकूल विश्वास नाही. ‘‘मागचा शहाणा होत नाही हो,’’ ते म्हणतात, ‘‘मागचा हसतो. आणि हसता हसता त्याच फरशीवर येतो.’’

म्हणून कोणी पडल्याची बातमी आली की काका इस्पितळात सर्वांत आधी हजर. इतर लोक शहाळं नेतात, मोसंबी नेतात. काका जाताना खिशात मोजपट्टी नेतात. खाटेवरच्या माणसाचा पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला, चेहरा पिळवटलेला, आणि काका स्टूल ओढून पहिला प्रश्न टाकतात :

‘‘ओल्यावर की कोरड्यावर?’’

‘‘अं?’’

‘‘पडलात ते ओल्यावर की कोरड्यावर?’’

‘‘ओल्यावर. बाथरूमच्या दारात.’’

‘‘बाहेर पडताना की आत जाताना? पायात काय होतं? दिवा लावला होता? पाय पुढे गेला की मागे?’’

रोग्याची बायको रागावून बघत असते. पण गंमत अशी की रोग्याला बरं वाटायला लागतं. दोन दिवस जो येतो तो ‘‘या वयात जरा बघून चालावं’’ म्हणून गेलेला असतो. हा पहिलाच माणूस, जो फरशीची चौकशी करतोय. पाय पुढे गेला म्हणजे टाच टेकताना घसरलात, पुढे तोंडावर आपटलात म्हणजे घसरला नाहीत, अडखळलात; आणि दोन्हींवर उपाय वेगळे, हे काका त्याला प्लास्टरवर बोटानं आकृती काढून समजावतात. बाथरूमच्या दारातच का, तेही सांगतात. कोरड्यावर चालताना पाय बेफिकीर असतो. एकाच पावलात फरशी ओली होते आणि त्याला बदलायला वेळ मिळत नाही. निघताना ते न विचारता इस्पितळाच्या मार्गिकेतली फरशी अंगठ्याने दाबून बघतात, भात शिजला का हे शीत चेपून बघावं तसं, आणि तिथल्या नर्सला सांगतात, ‘‘सिस्टर, इथं साबण राहिलाय.’’

साबणावरून आठवलं. जगात काका कोणाला खरोखर मान देत असतील तर तो आमच्या इमारतीचा जिना पुसणाऱ्या मावशींना. सेक्रेटरींना ते ‘‘अहो सेक्रेटरी’’ म्हणतात, पण मावशींपुढे आवाज अर्धा होतो. सुरुवातीला मावशींनी त्यांना धुडकावून लावलं. ‘‘मला लादी पुसायला शिकवणार तुम्ही?’’ मग दोघांत बरेच दिवस वाटाघाटी झाल्या. काकांचं म्हणणं, फिनेल किंवा साबण जास्त ओतलं की लादी जास्त स्वच्छ होते हा भ्रम आहे. जास्तीचा साबण निघत नाही, त्याचा पापुद्रा राहतो आणि वर पाण्याचा थेंब पडला की तो जागा होतो. म्हणून बादल्या दोन, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. आणि जिना अख्खा एकदम पुसायचा नाही. आधी कठड्याकडची अर्धी बाजू, ती वाळली की भिंतीकडची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कोरडी वाट राहते. मावशींनी महिनाभर करून बघितलं आणि मग स्वतःचं कलम जोडलं : सकाळी सात ते साडेआठ जिना पुसायचाच नाही, कारण त्या वेळात सगळी इमारत लोकल पकडायला धावते. काकांनी हे ऐकलं आणि म्हणाले, ‘‘मावशी, तुम्ही कारखान्यात असता तर मी तुमच्या हाताखाली काम केलं असतं.’’

पिवळ्या पाटीवर मात्र काकांचा भयंकर राग. ती घडीची, घसरणाऱ्या माणसाचं चित्र असलेली पाटी सोसायटीने मोठ्या हौसेने आणली आणि प्रवेशद्वारात उभी केली, ती कायमचीच. उन्हाळ्यात उभी, हिवाळ्यात उभी, खडखडीत कोरड्या लादीवर उभी. आठवडाभरात ती कुणाला दिसेनाशी झाली. पाणी तिकडे लिफ्टपाशी आणि पाटी इकडे दारात. शेवटी एका गृहस्थांना त्याच पाटीचा पाय लागला नि ते तिच्यावरच पडले. काकांनी आपल्या वहीत नोंद केली : ‘‘कोरड्यावर. कारण : सूचना.’’

फरशी खरेदी करायला काकांना सोबत नेऊ नये. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी नेलं. दुकानदारानं मोठ्या तोऱ्यात आरशासारखी व्हिट्रिफाइड लादी पुढे केली. ‘‘मोरबीचा माल, साहेब. तोंड दिसेल त्यात.’’

‘‘तोंड बघायला घरात आरसा आहे,’’ काका म्हणाले. ‘‘फरशीत तोंड पडल्यावरच जवळून दिसतं. याचा आर किती?’’

‘‘दर ना? पंचावन्न रुपये फूट.’’

मग काकांनी भर दुकानात जर्मनीची हकीकत सुरू केली. तिकडे लादीची घसरण मोजायची तर लाद्या एका फळीवर बसवतात, त्यावर तेल ओततात, त्या तेलावर एक माणूस बूट घालून पुढेमागे चालतो आणि फळी हळूहळू तिरकी करत नेतात. त्याला आता पाय टाकवत नाही असं ज्या कोनात होईल, त्यावरून लादीला इयत्ता मिळते, आर ९ पासून आर १३ पर्यंत. आर ९ म्हणजे जेमतेम सहा ते दहा अंश. आर १३ची लादी पस्तीस अंशांच्या पुढेही माणसाला धरून ठेवते. ‘‘आणि तो माणूस पडत नाही का?’’ दुकानातल्या पोऱ्यानं विचारलं. ‘‘त्याला वरून पट्ट्यानं बांधलेलं असतं,’’ काका म्हणाले, ‘‘आपल्याला कोण बांधणार?’’ बाथरूमसाठी निराळी परीक्षा, तीत अनवाणी पायांनी साबणाच्या पाण्यावर चालायचं. दुकानातली तीन गिऱ्हाइकं ऐकत उभी राहिली, एकानं चकचकीत लादीची ऑर्डर रद्द केली, आणि दुकानदारानं दुसऱ्या मजल्यावरच्यांना बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या वेळी या साहेबांना घरी ठेवून या, वर पाच टक्के सूट देतो.

चकचकीतपणावर आपला जीव आहे, हे काकांच्या ध्यानात येत नाही. शहाबादी फरशी, कोबा, खडबडीत दगड हे सगळं आपल्याला गरिबीची खूण वाटतं. पैसा आला की पहिल्यांदा पायाखालचं गुळगुळीत करायचं. आमच्या सोसायटीनंही तेच केलं. तळमजल्याच्या लॉबीत काळा पॉलिश केलेला ग्रॅनाइट बसवायचा प्रस्ताव आला, फ्लॅटचे भाव वाढतात म्हणून. सर्वसाधारण सभेत काका उभे राहिले. ग्रॅनाइटला विरोध नाही, ते म्हणाले, पॉलिशला आहे; तोच दगड ज्वालेनं भाजून खरखरीत करून मिळतो. पाऊस आपल्याकडे चार महिने असतो, आणि दीडशे माणसं दीडशे छत्र्या निथळत त्या दगडावरून जाणार आहेत. मग जिन्याकडे वळले. खालून तिसरी पायरी फुटली होती तेव्हा कंत्राटदारानं तिच्यावर जाड कडप्पा ठोकला, त्यामुळे ती बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच उंच आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या इमारतीच्या पायरीची उंची १९० मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगितलीय, पण खरी गोम उंचीत नाही, फरकात आहे. पहिल्या दोन पायऱ्यांत पाय माप घेतो आणि पुढे डोळ्यांना विचारत नाही. एखादी पायरी निराळी निघाली की पाय खोटा पडतो.

‘‘काका,’’ सेक्रेटरी म्हणाले, ‘‘ही फॅक्टरी नाही.’’

‘‘पायाला ते कुठे ठाऊक आहे?’’

‘‘गेल्या पावसाळ्यात जिन्यावरून कोण पडलं? सांगा.’’

‘‘कोणी नाही.’’

‘‘मग?’’

सभा हसली. इथे काकांची खरी अडचण आहे. त्यांच्या यशाला पुरावाच नसतो. न पडलेल्या माणसाचा एक्स-रे निघत नाही, बिल येत नाही, आणि तो आभार मानायलाही येत नाही, कारण आपण पडणार होतो हे त्याचं त्यालाच कळलेलं नसतं. काकांनी त्यावर उपाय म्हणून वही ठेवली होती आणि ती त्यांनी सभेपुढे ठेवली. सेक्रेटरींनी ती मोठ्यानं वाचली. ‘‘मंगळवार. दुसरा मजला. पणतीचं तेल. आजी. पडल्या नाहीत. गुरुवार. लिफ्टसमोर. छत्रीचं पाणी. शाळकरी मुलगा. भिंत धरली. शनिवार. मारुतीच्या देवळाची पायरी. तेल व नारळाचं पाणी. तीन भाविक. देवाच्या कृपेनं...’’

‘‘अहो, हे तर कोणीच पडलेलं नाही! मग नोंद कसली?’’

‘‘हीच तर नोंद,’’ काका म्हणाले. ‘‘थोडक्यात वाचलेला माणूस फुकट सांगून जातो. पडलेला माणूस तेच सांगायला दोन लाख घेतो.’’

ग्रॅनाइट बसला, पॉलिशचाच. काकांच्या पदरात तडजोड पडली : दारात लांबलचक रबरी जाजम, छत्र्यांसाठी पत्र्याचा डबा, आणि पायऱ्यांच्या कडांना खरखरीत पट्ट्या. सेक्रेटरींनी दारात आधी गोणपाट टाकून बघितलं होतं, स्वस्त म्हणून. काकांनी त्यावर एक पाय ठेवला, गोणपाट ग्रॅनाइटवरून सुळकन पुढे गेलं, काकांनी शांतपणे पाय उचलून घेतला, आणि सेक्रेटरी न बोलता जाजमाची चौकशी करायला गेले.

इथे वाचकाला वाटत असेल की आता काका स्वतः पडणार. सोसायटीतल्या सगळ्यांना वर्षानुवर्षं तेच वाटतंय. पोरं तर त्याची वाटच बघत असतात. पण काका पडत नाहीत. छोटी पावलं टाकतात, पावसात अख्खा तळवा टेकतात, एक हात कठड्याला, हातात पिशवी एकच आणि तीही पाय दिसतील अशी. ओट्यापाशी तेल सांडलं तर काकू त्यांना हाक मारत नाहीत, आधी पुसतात, कारण हाक मारली तर कारण, उपाय, पुन्हा होऊ नये म्हणून योजना, एवढं सगळं लिहून होईपर्यंत कढईतली भजी करपतात. ‘‘लग्नात सप्तपदीला हे काय म्हणाले माहीत आहे?’’ काकू सांगतात. ‘‘तांदळावर पाय सावकाश ठेव, म्हणाले. मला वाटलं, किती प्रेमळ आहेत.’’

प्रेमळ ते आहेतच, फक्त त्यांना ते बोलता येत नाही. म्हणून ते आकडे सांगतात. पहिल्या मजल्यावरच्या बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला, फुगे लागलेले, केक कापायचा बाकी, आणि काका बाळाच्या आजोबांना सांगतायत की जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, अपघाती मृत्यूंत रस्त्याच्या खालोखाल हाच नंबर, आणि सर्वांत जास्त मरतात ते साठीच्या पुढचे. आजोबांचं वय एकाहत्तर. आजोबांनी केक खाल्ला नाही, पण दुसऱ्या दिवशी संडासात धरायला दांडी बसवून घेतली, आणि काकांना बोलावून तिच्यावर लोंबकळायला लावलं.

दर ४ मार्चला काका शर्टाला सुरक्षा दिनाचा बिल्ला लावून फिरतात. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली त्या तारखेला स्थापन झाली, तो त्यांचा गुढीपाडवा. मात्र त्यांचा कसोटीचा दिवस विसर्जनाचा. सोसायटीचा गणपती पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बसतो. पाटासकट मूर्ती लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून जिन्यानंच उतरवायची. बाहेर पाऊस, आत गुलाल, पायऱ्यांवर झेंडूच्या पाकळ्या, कुणाच्या तरी हातून सांडलेलं पंचामृत. ढोल असा की शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. यंदा पुढची बाजू सेक्रेटरींनी धरली होती, आणि बाप्पाकडे पाठ करायची नाही म्हणून ते उलटे उतरत होते. खाली बघायची सोय नाही. काका भिंतीला लागून त्यांच्या बरोबरीनं एकेक पायरी उतरत होते.

‘‘पायरी ओली!’’ काका ओरडले.

‘‘मोरया!’’ पोरं ओरडली.

‘‘डावीकडे पाकळ्या!’’

‘‘मोरया!’’

‘‘ढकलू नका मागून!’’

‘‘मोरया!’’

‘‘काका,’’ सेक्रेटरींचा घामाघूम आवाज आला, ‘‘ती तुमची अर्ध्या इंचाची आली का?’’

‘‘आली. आता उजवा पाय. थांबा. टेकला? आता खालची जरा खोल लागेल. हां.’’

मूर्ती ग्रॅनाइटवरून जाजमावर आली, जाजमावरून टेम्पोत गेली. सगळी मंडळी मागे चढली. काका चढले नाहीत. मावशी दोन बादल्या घेऊन जिन्यापाशी येऊन उभ्या होत्या, आणि गुलाल आधी कोरडा झाडायचा की थेट ओल्या फडक्यानं घ्यायचा यावर त्यांचं बोलणं सुरू झालं होतं.

‘‘काका, चला की!’’ सेक्रेटरी टेम्पोतून ओरडले.

‘‘तुम्ही व्हा पुढे,’’ काका म्हणाले. ‘‘खाडीवरचा घाट मी सकाळी बघून आलोय. डावीकडून उतरा. उजवीकडे शेवाळ आहे.’’